मापाचा ब्लाउज

बारामतीत शिवणकामाचे सामान विकणाऱ्या दुकानांत ब्लाउजचा तयार फर्मा मिळतो. जाड खाकी कागदाचे कापलेले तुकडे, अठ्ठावीसपासून चव्वेचाळीसपर्यंतचे सगळे नंबर, एका प्लॅस्टिकच्या पिशवीत. पुढचा भाग, पाठ, बाही, पट्टी. प्रत्येक तुकड्यावर नंबर छापलेला असतो आणि टक्स घ्यायचा, म्हणजे आकारासाठी कापड चिमटून शिवायचे, तिथे भोके पाडलेली असतात. कापड दुमडायचे, घडीला फर्मा लावायचा, खडूने रेघ मारायची, कात्री चालवायची. फर्म्यात पाठ अर्धीच असते. उरलेली अर्धी दुमडलेल्या कापडातून आपोआप निघते. माणसाची डावी बाजू उजवीसारखीच असणार, हे फर्मा बनवणाऱ्याने धरून चाललेले असते.

अंथुर्ण्याच्या कौसल्याने हा फर्मा बारा वर्षांपूर्वी आणला. आपल्याला पाठ दुमडून कापता येणार नाही, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळले. तिची मुलगी स्वप्नाली तेव्हा बारा वर्षांची होती आणि तिच्या पाठीचा कणा उजवीकडे वळू लागला होता.

ते आधी कौसल्याच्या सासऱ्यांना दिसले होते. म्हस्कूआबांची उमेद मेंढरांमागे गेलेली. पुढे जमीन कालव्याच्या पाण्याखाली आली, चरायला रान उरले नाही आणि कळप गेला, पण जनावराच्या चालीवरून दुखणे ओळखायची नजर राहिली. नात शाळेतून येताना बघून ते म्हणाले, "पोर डावीकडं झुकतीया. दप्तर काढून चालवून बघा." दप्तर काढून चालवली, तरी ती झुकतच होती. बारामतीच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, दोन वर्षे कमरेपासून काखेपर्यंतचा पट्टा बांधायला लावला. वाक थांबला, सरळ झाला नाही. डॉक्टर म्हणाले, यापुढे वाढणार नाही, कामाला आणि मुलाबाळांना काही अडचण नाही. गोकुळने, म्हणजे कौसल्याच्या नवऱ्याने, ते दोनदा विचारून घेतले आणि विषय संपवला.

कौसल्याच्या लेखी विषय तिथे संपला नाही. पहिल्याच वर्षी, पट्टा बांधायच्या आधी, शाळेच्या गणवेशाचे माप द्यायला ती मुलीला गावातल्या टेलरकडे घेऊन गेली होती. दुकानात चार गिऱ्हाइके होती. टेलरने खांद्यावर टेप लावली आणि म्हटले, "सरळ उभी ऱ्हा की गं." स्वप्नाली सरळच उभी होती. त्याने टेप पुन्हा लावली. "वहिनी, पोरगी जरा वाकडी हाय का ओ?" कुणी हसले नाही. सगळ्यांनी वळून बघितले, एवढेच. त्यानंतर स्वप्नालीचा एकही कपडा दुसऱ्याच्या हातात गेला नाही.

कौसल्या शिवणाच्या कुठल्या क्लासला गेली नव्हती. मोबाईलवर बघून आणि कापड वाया घालवून ती शिकली. फर्म्यावरून तिने जुन्या कॅलेंडरच्या कागदाचे दोन तुकडे बनवले, एक डाव्या पाठीचा, एक उजव्या. कापड उघडे पसरून ती दोन्ही बाजू वेगवेगळ्या कापायची. उजवीकडे, खांद्याचे हाड वर येते तिथे, एक जादा टक्स. डाव्या खांद्यात पातळ फोम. कुर्त्याचा घेर उजवीकडे पाऊण इंच लांब, म्हणजे अंगावर तो सरळ दिसे. छापील कापड बारीक फुलांचेच आणायचे. रेघा आणि चौकडी बारा वर्षांत त्या घरात आल्या नाहीत. ओढणी डाव्या खांद्यावर टाचायची. दर सहा महिन्यांनी मुलीला उभी करून ती कॅलेंडरचे तुकडे नवे करी आणि जुने चुलीत घाली. शेजारणी म्हणायच्या, "कौसल्या, तुझ्या हाताला काय सफाई हाय, आमचं बी शिव की." तिने कुणाचे घेतले नाही. बाया घरात बसल्या तर कागद बघतील, ही भीती होती.

काम चोख होते. स्वप्नाली बारावी झाली, लॅब टेक्निशियनचा कोर्स झाला, इंदापूरच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायला लागली, आणि गावातल्या निम्म्या लोकांना तिच्या पाठीचे काही माहीत नव्हते. टेलर विसरून गेला असावा.

चोविसाव्या वर्षी बारामतीचे स्थळ आले. मुलगा शंभूराज, एमआयडीसीतल्या कंपनीत सुपरवायझर. त्याची आई लीलाबाई, बोलायला मोकळी, हिशेबाला पक्की. बघायला आले तेव्हा स्वप्नालीने गुलबक्षी साडी नेसली होती, पदर दोन्ही खांद्यांवरून. पसंती झाली, साखरपुडा झाला. कौसल्याने कुणाला काही सांगितले नाही. गोकुळ एकदा म्हणाला, "सांगाया पायजे व्हतं." ती म्हणाली, "डॉक्टर म्हणलाय ना अडचण न्हाय? मग अडचण न्हाय ते काय सांगायचं?"

लग्नाच्या कपड्यांचा बस्ता बारामतीला झाला. शालू घेऊन झाल्यावर लीलाबाई म्हणाल्या, "विहीणबाई, नवरीचा मापाचा ब्लाउज धाडून द्या. आमच्या रश्मीकडं टाकते शिवायला."

"मी शिवते की घरी. माझ्या हातचंच बसतं तिला."

"इतकी वर्सं शिवलंच की तुमी. शालूवरचा ब्लाउज सासरचाच लागतो. का आमच्या शिलाईवर भरवसा न्हाय?"

दुकानातल्या बायका हसल्या. कौसल्याही हसली.

आपल्याकडे ब्लाउजसाठी टेलर सहसा नवरीच्या अंगाला टेप लावत नाही. अंगाला नीट बसणारा, वापरातला एक ब्लाउज पिशवीत घालून धाडतात आणि त्याच्यावरून नवा कापतात. कौसल्याच्या पेटीत स्वप्नालीचे नऊ ब्लाउज होते. त्यातला कोणताही टेबलावर उलटा पसरला असता तर बघणाऱ्याला सगळे कळले असते. एक बाजू आखूड, एक लांब, जादा टक्स, खांद्यातला फोम.

मुलगी लॅबला गेल्यावर तिने पिशवीतला चौतीस नंबरचा फर्मा काढला आणि बारा वर्षांत पहिल्यांदा कापड दुमडून कापले. ब्लाउज दुपारपर्यंत झाला. धुतला, वाळवला, इस्त्री केली, पुन्हा धुतला, म्हणजे कोरा दिसू नये. बेत असा होता की बारामतीहून शिवून आलेल्या ब्लाउजची शिवण उसवायची, आत सोडलेले कापड, म्हणजे माया, वापरून तो मुलीच्या अंगाला बसवायचा. त्यासाठी माया भरपूर हवी होती. तिने लीलाबाईंना फोन केला. "दोन्हीकडनं दीड-दीड इंच माया ठिवाया सांगा."

"दीड इंच? लग्नाआधीच जाड व्हायचा इचार हाय का नवरीचा?" लीलाबाई हसत म्हणाल्या.

म्हस्कूआबा ओसरीवर बसून हे ऐकत होते. तारेवरचा ब्लाउज त्यांनी बघितला होता.

"मेंढरू इकायला न्हेलं की गिऱ्हाईक लोकर बघत न्हाय, कौसल्या. लोकरीत हात घालून कणा चाचपतंय."

"माझी पोरगी मेंढरू न्हाय, आबा."

"ते मला सांगू नगं. तिकडं सांग."

रश्मीचे बुटीक बारामतीत चांगले चालते. तिच्या हाताखालून रोज आठ-दहा मापाचे ब्लाउज जातात. ते सगळे वापरलेले असतात. काखेत रंग गेलेला, हुकांपाशी कापड ताणलेले, एक खांदा दुसऱ्यापेक्षा थोडा उतरलेला, कारण पदर रोज त्याच खांद्यावर असतो. कौसल्याने धाडलेल्या ब्लाउजला यातले काही नव्हते. रश्मीने आपला चौतीस नंबरचा फर्मा काढून त्यावर ठेवला. काठाला काठ लागला.

"काकू, हा कुणी घातलेला नाही," तिने लीलाबाईंना सांगितले. "हा नुसता फर्मा आहे. इतकं सरळ अंग मी वीस वर्षांत बघितलं नाही. आणि वर दीड इंच माया कशाला मागतायत?"

लीलाबाईंनी रागावून फोन वगैरे केला नाही. पुढच्या रविवारी रश्मीला घेऊन त्या अंथुर्ण्याला आल्या. चहा झाला. मग म्हणाल्या, "नक्षीचं काम करायचंय, माप चुकाया नको. रश्मी टेप लावून घेईल. उठ गं स्वप्नाली."

कौसल्या मध्ये आली. "ब्लाउज धाडलाय की."

"तो चांगला हाय. लई चांगला हाय," लीलाबाई म्हणाल्या.

स्वप्नाली उभी राहिली. कोणता ब्लाउज गेला आहे, हे तिला माहीत नव्हते. पेटीतला जांभळा गेला असेल, असे ती धरून होती. रश्मीने ओढणीची पिन काढली. खांद्यापासून कमरेपर्यंत टेप लावली. डावीकडे साडेतेरा, उजवीकडे पंधरा. पुन्हा लावली. मग तिने टेप गुंडाळली आणि लीलाबाईंकडे न बघता खुर्चीवर बसली. लीलाबाई उठल्या. मुलीच्या मानेखाली तळहात ठेवून त्यांनी तो कुर्त्यावरून हळूहळू कमरेपर्यंत खाली आणला. ओसरीवरून म्हस्कूआबा उठले आणि बाहेर गेले.

"ही पाठ कधीपास्नं?"

स्वप्नालीने उत्तर दिले. "बारा वर्सांची असल्यापास्नं. मी त्यांना सांगितलंय. साखरपुड्याच्या आधीच. एक्स-रेचा फोटो बी पाठवलाय मोबाईलवर."

कौसल्याने मुलीकडे बघितले. हे तिला आत्ताच कळत होते.

लीलाबाईंनी तिथेच मुलाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "शंभू, पोरीच्या पाठीचं तुला ठावं व्हतं?"

"व्हय. का?"

"मला का न्हाय बोललास?"

"त्यात काय सांगायचं, आई? डॉक्टरनं काय न्हाय म्हणून सांगितलंय."

लीलाबाईंनी फोन बंद केला. आवाज चढवला नाही. "माझ्या पोरानं लपवलं, त्याचं मी बघते. पाठ वाकडी हाय, ही काय तिची चूक न्हाय. मला तुमी पयल्या दिवशी म्हणला असता तर मी बसून इचार केला असता. व्हय म्हणले असते का न्हाय, आता मला बी सांगता यायचं न्हाय. पण तुमी सरळ ब्लाउज शिवून, धुवून, इस्त्री करून धाडला. दुसऱ्याच कुणाचं तरी अंग धाडलं तुमी मला, विहीणबाई. उद्या नातवाचं दुखणं बी असंच झाकाल."

"चूक झाली माझी. पोरीला कशाला शिक्षा?" कौसल्या म्हणाली.

"घर बघूनच पोरगी करत्यात," लीलाबाई म्हणाल्या. रश्मीने पर्समधून तो ब्लाउज काढून कॉटवर ठेवला आणि दोघी निघाल्या. गोकुळ त्यांच्या मागे रस्त्यापर्यंत गेला आणि एकटाच परत आला.

शंभूराजचे मेसेज आठ दिवस येत होते. आईला थोडा वेळ दे. आई ऐकेल. मामाशी बोलून बघतो. मग दोन दिवसांनी एक, मग बंद. साखरपुड्याची अंगठी एका मध्यस्थाच्या हाती परत गेली.

मायलेकींचे भांडण एकदाच झाले, स्वयंपाकघरात, पाचेक मिनिटांचे.

"माझा जांभळा धाडाया काय झालं व्हतं?"

"तुझ्यासाठीच केलं मी."

"माझ्यासाठी न्हाय. त्यांनी एक्स-रे बघितला व्हता, त्यांना चाललं व्हतं. तुलाच बघवत न्हाय."

"बारा वर्सं म्या डोळे फोडले तुझ्या कपड्यांवर."

"मी सांगितलं व्हतं फोडाया?"

कौसल्याने पोळी तव्यावर टाकली. त्यानंतर बोलणे झाले ते जेवण आणि गाडीच्या वेळेपुरते.

पाठीची बातमी महिनाभरात अंथुर्ण्यापासून कळंबपर्यंत पोचली. शेजारच्या गावातली एक बाई आपल्या मुलीला घेऊन कौसल्याकडे आली. मुलीचा एक दंड भाजलेला होता. "बारा वर्सं तुमी कुणाला कळू दिलं न्हाय म्हणं," ती कौतुकाने म्हणाली. "हिचं बी झाकंल असं कायतरी शिवून द्या." कौसल्याने मशीन बिघडले आहे म्हणून सांगितले.

चौतीस नंबरचा ब्लाउज कॉटवर, मग खुंटीवर, मग पेटीत गेला. फेकायला नवा होता. कौसल्याने तो चुलत जावेला घालून बघायला दिला, तिला मुंढ्यात, काखेपाशी, काचला. जावेच्या बहिणीला खांद्यावरून उतरला. दोघी चौतीस नंबरच्याच. तो परत आला.

जूनमध्ये, पगाराच्या दुसऱ्या दिवशी, स्वप्नालीने इंदापूरच्या बाजारातून तयार कुर्ता आणला. सोमवारी ती तो घालून लॅबला निघाली. पांढऱ्यावर निळ्या उभ्या रेघा. ओढणी नव्हती. कौसल्या दारात उभी होती. तिच्या नजरेला टेप लागत नाही. रेघा खांद्यापासून सरळ खाली येत होत्या, उजव्या हाडावर फाकत होत्या आणि कमरेपाशी तिरक्या होऊन पुन्हा जवळ येत होत्या. डाव्या खांद्याची शिवण दंडावर आली होती. उजवीकडचा घेर एक इंच वर.

"आण हिकडं," ती म्हणाली. "पाच मिनिटांचं काम हाय. खांदा उचलून देते."

"नगं."

"लोक बघत्यात."

स्वप्नालीने चप्पल घातली आणि ती रस्त्यावर थांब्याला जाऊन उभी राहिली. थांबा दारातून दिसतो, बोललेले ऐकू येते. तिथे आठ-दहा माणसे होती. त्यांनी बघितले आणि बघतच राहिली. शेजारची म्हातारी तानूबाई जवळ सरकून म्हणाली, "अगं, ह्यो तुला ढगळ हुतोय. आईकडनं नीट करून घ्यायचा का न्हाय?"

"मापाचाच हाय, आज्जे," स्वप्नाली म्हणाली. इंदापूरची गाडी आली. ती दारातून चढून मागच्या सीटकडे गेली. कौसल्याला खिडकीतून रेघा दिसत राहिल्या.