वेणू इथं नाही

आधीच सांगते, अंगात येणं, लागिर होणं यावर भरवसा ठेवणारी मी बाई नाही. गल्लीत कुणाला काही झपाटलं म्हटलं की मी म्हणायची, दोन दिवस पोटभर जेवू घाला, आपोआप उतरेल. आज सत्तरी ओलांडली तरी मत तेच आहे. फक्त एका शुक्रवारचं मला काही सांगता येत नाही… तो एक दिवस सोडून बोलते आहे.

तुम्ही सगळे इथं अनुभव लिहिता ते मी रोज दुपारी वाचते. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन माझं मीच शिकले, सुताच्या गठ्ठ्यांना गुंडाळून येणाऱ्या जुन्या पेपरांवरून. मोबाईलवर टाइप करायला नातीनं शिकवलं. चुकलं-माकलं पोटात घाला.

आज लिहायला बसले त्याचं कारणही ती नातच. रुचा. ऑफिसच्या कामानं पहिल्यांदाच परदेशी निघाली, सिंगापूरला. बॅग भरता भरता बापाशी वाद – तिकडचं इंटरनेट घ्यायचं की नाही. रोमिंगचं पॅक, ई-सिम, काय काय नावं. ती म्हणे, “कायले पाहिजे, बाबा? हॉटेलात वायफाय राहते ना. एअरपोर्टवर उतरली का आजीले एक मिस कॉल देते. आजी, तू उचलू नको, कापून टाक. समजून जा पोचली म्हणून.”

मी पोळी लाटत होते. लाटणं तसंच हातात राहिलं.

“मिस कॉल नाई,” म्हटलं. “पॅक घे. आन मी काही फोन कापनार नाई.”

“अवं आजी, चिडून काहून राहिली?”

चिडले नव्हते मी. पण ते काय होतं ते तिला पोळ्या होईतो सांगता येण्यासारखं नव्हतं. म्हणून इथं सांगते.

सन ऐंशी. आम्ही गोळीबार चौकाच्या मागं राहायचो. घर विणकराचं – पुढच्या खोलीत दोन माग, मागं चूल. आमचे हे मागावर, मी कांड्या भरायला, सासूबाई सूत उकलायला. पण हातमागाच्या लुगड्याला तेव्हा कोणी विचारेना. एक माग बंद पडला, मग ह्यांनी वेल्डिंगचं काम शिकून घेतलं आणि गल्लीतल्या एका सोबत्याच्या ओळखीनं मस्कतला गेले. दोन वर्षांचा करार. उरलेल्या मागावर मग मी बसले. राजू, म्हणजे रुचाचा बाप, तेव्हा तीन वर्षांचा.

आता फोनचं सांगते, ते नाही कळलं तर पुढचं कळणार नाही. त्या वेळी परदेशातून बोलायचं म्हणजे ट्रंक कॉल. त्यात एक पी.पी. कॉल असायचा – म्हणजे अमुकच माणसाशी बोलायचं आहे असं नाव सांगून कॉल लावायचा. ऑपरेटर आधी विचारायची, हा माणूस आहे का? नाही म्हटलं की कॉल रद्द, पैसे पडले तर नावापुरते. मग लोकांनी काय युक्ती काढली, तर घरात नसलेल्याच माणसाचं नाव सांगायचं. नाव ऐकलं की निरोप पोचला, “नाही हो, असं कोणी नाही” म्हणायचं आणि ठेवून द्यायचं. मस्कतला गेलेल्या सगळ्यांच्या घरी हेच चालायचं. आजचा मिस कॉल तो हाच… फक्त तेव्हा मध्ये एक बाई बोलायची.

आमच्या घरी कुठला फोन! आमची लुगडी जायची गांधीबागेतल्या एका शेठजींच्या दुकानात. त्यांचाच नंबर ह्यांनी नेला. आमची नावं ठरली ती स्टेशनवर, गाडी सुटायच्या आधी. गणपतला मागितलं तर समजायचं, तब्येत ठीक आहे. सखारामला मागितलं तर पत्र पाठवा.

“आन परत येतान, तवा?” मी विचारलं.

खिडकीच्या दांड्यावर माझा हात होता, त्यावर हात ठेवून हे हळूच म्हणाले, “तवा वेणूले मागीन.”

वेणू आमची पहिली मुलगी. सातव्या महिन्यातच झाली आणि रडलीच नाही. त्या वेळी अशा लेकराला नाव ठेवत नसत. ह्यांनीच तिला फडक्यात गुंडाळून नेलं, परत आले, पाय धुतले आणि माझ्या कानात म्हणाले, “मी तिचं नाव वेणू ठेवलं.” सासूबाईंनाही कधी सांगितलं नाही. हे नाव जगात दोघांनाच ठाऊक.

तर दर शुक्रवारी मी लुगडी घेऊन दुकानात जायची. मस्कतला शुक्रवारची सुटी, हे त्याच दिवशी फोन लावत – दर वेळी नाही, महिन्या-दीड महिन्यातून एकदा. फोन शेठजीच उचलत. “गणपत? नहीं जी, यहाँ कोई गणपत नहीं,” म्हणून ठेवत आणि मोठ्यानं हसत – “जा बाई, तुमचा गणपत खुशाल हाय.” मी तेवढ्यावर महिना काढायची.

सहा महिने असे गेले. होळीला चार दिवस असतील. शुक्रवार, दुपारचे चार. दुकानात उमरेडकडचं लग्नाचं गिऱ्हाईक बसलेलं, गादीवर लुगड्यांचा ढीग, खळीचा वास. फोन वाजला. शेठजींच्या दोन्ही हातांत पदर धरलेला. म्हणाले, “बाई, आज तुमीच उठवा. गणपत असन तं नाई म्हना.”

मी जन्मात पहिल्यांदा फोन हातात घेतला. तो उलटा धरला म्हणून त्या गिऱ्हाइकातली पोरगी हसली. सुलटा करून कानाला लावला. खूप लांब, विहिरीतून आल्यासारखा एका बाईचा आवाज – “मस्कत से पी.पी. कॉल. वेणूबाई हैं क्या?”

माझ्या अंगावर जो काटा आला, मंडळी… आनंदाचा. करार दीड वर्ष बाकी, आणि हे येऊन राहिले!

“नाई,” मी म्हटलं. “वेणू इथं नाई.”

“पार्टी लाइन पर है. पक्का नहीं हैं?”

आणि मग मला ऐकू आलं. “हं…” एवढंच. आमच्या ह्यांची सवय होती – मागावर बसले की पहिला धोटा टाकायच्या आधी घसा साफ करून “हं…” म्हणायचे. बोलायला सुरुवात करतानाही तसंच. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मी तो आवाज घरात पाठमोरी बसूनही ओळखायची. तोच. कानाजवळ.

बोलावंसं नाही वाटलं? वाटलं ना! “हो” म्हटलं असतं तर बोलले असते ते. पण मनात काय, तर बोलले की कॉल लागेल, त्यांच्या पगारातून जाईल, आणि आता तर येतच आहेत. समोर बसवून बोलू की.

“नाई. पक्कं नाई,” म्हटलं आणि माझ्या हातानं फोन ठेवला.

घरी पळतच आले. सासूबाई म्हणाल्या, “काहून एवढी हासून राहिली वं?” म्हटलं, “आत्याबाई, हे येऊन राहिले!” म्हातारी उठून उभी राहिली, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला सांगून आली. शनिवारी मी ह्यांच्या बंद मागावरची धूळ झाडली. सोमवारी वर्षाचं तिखट कांडायला काढलं, भिवापूरची मिरची – ह्यांना दुसरं तिखट चालत नसे, तिकडं अळणी खाऊन तोंड मेलं असेल म्हणून.

तार आली तेव्हा मी उखळाशीच होते. शेजारच्या मास्तरांनी वाचली. कामावर परांचीवरून पडले, जागीच गेले. गेल्या बुधवारी सकाळी.

मी म्हटलं, “बुधवार नाई. शुक्रवारी तं फोन आला.” मास्तरांनी पुन्हा वाचली. बुधवारच होता. दोन्ही हात तिखटानं माखलेले, डोळे पुसायची सोय नाही. सासूबाई माझ्याकडे नुसत्या पाहत राहिल्या. त्या पाहण्यात एवढंच होतं – मग तू आले-आले म्हणून काय सांगितलं? त्यांनी तोंडानं कधी विचारलं नाही. मरेपर्यंत नाही.

ह्यांचं तिकडंच केलं. दोन महिन्यांनी तो सोबती सुटी काढून आला, ह्यांची पत्र्याची ट्रंक घेऊन. मी एकच धरून बसले होते, की कॉल आधी लावून ठेवला असेल आणि उशिरा लागला असेल. तेव्हा तासन्‌तास लागत, हे सगळ्यांनाच ठाऊक. त्याला तेच विचारलं, वेणूच्या नावानं कॉल लावून ठेवला होता का म्हणून.

“नाई वैनी,” तो म्हणाला. “फोन लावाले शहरात जा लागे. आमाले शुक्रवारशिवाय सोडत नव्हते. त्या हप्त्यात तो गेलाच नाई.”

“मंग तुमच्यापैकी कोनी लावला? मले कळवाले?”

“आमी शुक्रवारी त्याच्याच कागदासाठी दवाखान्यात बसून होतो, दिवसभर. आन वैनी… हे वेणू कोन?”

घरी परत येण्याबद्दल विचारलं, तर सुटीचा अर्जही केला नव्हता म्हणे.

ट्रंकेत दोन शर्ट, राजूसाठी चावीची मोटार आणि एक लहानशी वही. तिच्या पहिल्या पानावर ह्यांच्या अक्षरात – गणपत, ठीक. सखाराम, पत्र द्या. बस. तिसरं नाव लिहिलेलंच नव्हतं. ते त्यांना लिहून ठेवायची गरज नव्हती. म्हणजे वही वाचूनही कोणाला ते सांगता आलं नसतं.

शेठजींनी ओळखीनं एक्स्चेंजमध्ये विचारून पाहिलं, काही हाती लागलं नाही. पण फोन आला होता, याला शेठजी साक्षी होते, ती हसणारी पोरगी साक्षी होती. माझ्या मनाचे खेळ म्हणावे, तर घंटी सगळ्या दुकानानं ऐकली.

चाळीसच्या वर वर्षं झाली, मी याच्याभोवती फिरते आहे. मला भीती कधी वाटली नाही, खरं सांगते. दुःख वेगळ्याच गोष्टीचं आहे. कुठून, कसे, कोणाच्या हातापाया पडून त्यांनी ती लाइन मिळवली असेल… आणि मी दोनदा नाही म्हटलं. ठरलं होतं तसंच वागले, हे खरं. पण त्या दिवशी ठरल्याप्रमाणे वागायला नको होतं. आणि कधी कधी, दुपारी एकटी असले की वाटतं, ते निरोप देतच नव्हते. ते खरंच वेणूला शोधत होते. आणि मी आई असून म्हटलं, इथं नाही.

याचा उलगडा मला झालेला नाही. कोणाला सुचत असेल तर जरूर लिहा, मी वाचीन. पण माझं समाधान होईल अशी आशा धरू नका.

रुचानं शेवटी पॅक घेतलं. काल संध्याकाळी तिकडं उतरली. फोन वाजला, मी पहिल्याच घंटीला उचलला. “अवं आजी, पोचली मी, नेट मस्त चालून राहिलं, तुले दिसतो का माझा चेहरा?” म्हटलं, “दिसतो. बोल. ठेवू नको एवढ्यात.” पाऊण तास बोलली पोरगी, ट्रॉलीवरची बॅगसुद्धा दाखवली.

राजू मला हसतो. म्हणतो, आई, तू रॉंग नंबरही उचलतेस, क्रेडिट कार्डवाल्या पोरींशीसुद्धा बोलतेस. परवाच एक फोन आला, कोणी सुमनबाई हव्या होत्या त्याला. मी म्हटलं, सुमनबाई नाहीत बाबा, पण ठेवू नको. मी आहे. बोल, काय सांगायचं होतं?