शेठजींची मिशी आणि माझा मास्क

सुभाषशेठ तिसऱ्यांदा खोकत वर आले. मास्कमध्ये नाकापर्यंत पाणी.

“सलीम मास्तर, हा चष्मा हाय का घागर?”

मी स्कूबा शिकवतो, तेही उस्मानपुऱ्यातल्या एका स्विमिंग पूलमध्ये. शेठजींचं गुलमंडीत साड्यांचं दुकान. लहानपणी लासूर स्टेशनला ते विहिरीत बुडी मारून तळाशी डोळे उघडून बसायचे. दम संपला की नाइलाजानं वर. साठीला आल्यावर त्यांना कळलं, की दम पाठीला बांधून नेता येतो. आमची तारकर्लीची बॅच पुढच्याच आठवड्यात निघणार होती. पण मास्क गळत असेल तर मी कुणालाही समुद्रात नेत नाही.

मास्कला सिलिकॉनची मऊ झालर असते. ती चेहऱ्याला चिकटली तरच पाणी बाहेर राहतं. मध्ये मिशी आली की फट पडते. व्हॅसलीन लावून पाहिलं. तरी घागर भरलीच.

“शेठजी, मिशी काढावी लागेल.”

“मिशीबिगर गल्ल्यावर बसलो तर गिऱ्हाईक मलाच चहा सांगंल!”

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा वॉचमननं त्यांना पास मागितला. चेहरा सफाचट. पाण्यात उतरले. मास्क पुन्हा भरला.

मी तो मास्क उजेडात धरला. झालरीला नाकापाशी बारीक चीर होती. मास्क माझाच. द्यायच्या आधी तपासणं माझंच काम.

“हा तुम्हाला लहान पडतोय,” मी म्हणालो आणि दुसरा दिला. त्यात थेंब आला नाही. मला मात्र झोप येईना.

तारकर्लीला शेठजी पाण्याबाहेर आले ते बोलतच. “मास्तर, माशानं माझ्या तोंडापाशी येऊन बघितलं! तुमच्यामुळं. मिशी काढली म्हणून दिसलं.”

आता राहवेना. सांगून टाकलं.

शेठजींनी ओठावरून बोट फिरवलं.

“म्हंजी मिशी ठिवून बी खाली जाता येतं?”

“येतं. व्हॅसलीन पुरतं.”

“मग लई बरं झालं. मला वाटलं, दोन्हीतलं एकच ठिवावं लागंल. मी मिशी सोडली होती. पुढच्या बॅचला नाव लिवा.”

तेव्हापासून ते दर वर्षी येतात, मिशीसकट. पण पूलवर आले की आधी माझे सगळे मास्क उजेडात धरतात, साडीचा पोत बघावा तसे. मी एकेक पुढं करतो. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यात खोट काढण्याआधी आपला माल बघावा, हे मला कापडवाल्यानं शिकवलं.