वरचा धबधबा

१९७४ साल, मी अठ्ठावीसचा. वाढदिवसाला तीन दिवसांची रजा टाकली, तर पिंपरीच्या कंपनीतले गडी हसले, "राव, तू काय सायबाचं पोरगं हायस?" मग तर गेलोच. लोणावळ्याकडचे धबधबे तुडवले आणि शेवटी इंग्रजांच्या वेळच्या डाकबंगल्यात उतरलो.

तिथं माझ्याच वयाची एक बाई म्हाताऱ्या वडलांना घेऊन आलेली. खालच्या धबधब्यावर दोघं बरोबरच गेलो. ती चपला हातात घेऊन चालायची. घसरडं आलं की थांबून मागं बघायची, मी येतोय का ते. वाढदिवसाचं कळल्यावर डब्यातला अर्धा शिरा तिनं माझ्या हातावर ठेवला.

मी निघताना व्हरांड्यात म्हणाली, "उद्या वरच्या धबधब्यावर जायचंय. बाबांना चढवत नाही. थांबता का?"

"उद्या पहिली शिफ्ट हाय. आजवर एक खाडा न्हाई माझा."

"कौतुक आहे. पण तिथं तुमच्या मशीनवर कोणीही उभा राहील. इथं मी एकटीच जाईन."

मी पिशवी उचलली. नाव तिनं विचारलं नाही, मीही नाही. आता म्हातारपणी डोळे मिटले की मी न पाहिलेल्या त्या वाटेवर ती दिसते, थांबून मागं बघताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंग्याच्या आधी मी गेटवर उभा होतो, ओल्या बुटांनी.