वेगळे काढलेले ताट

माझी आई पार्वताबाई मोठ्या काकांशी, महादेवरावांशी, तोंडावर बोलली ती आयुष्यात एकदाच. भासऱ्यासमोर धाकट्या भावाच्या बायकोने बोलू नये, ही आमच्याकडची रीत. चांदूर बाजारच्या घरात काका ओसरीवर बसलेले असत आणि आई दाराआडून मला सांगे, "शेखर, मोठ्या भाऊजींले सांग, चहा थंडा होऊन राह्यला." काकांना ते स्वच्छ ऐकू येई, तरी मी सांगेपर्यंत ते कपाला हात लावत नसत.

याच काकांनी आमचा धर्म बदलला. शब्द मी जाणूनबुजून वापरतो. महानुभाव पंथाला वेगळा धर्म म्हणावे की नाही, यावर माझ्या महाविद्यालयातले सहकारी तासन्‌तास वाद घालू शकतात. आईला ती चैन परवडणारी नव्हती. काकांनी रिद्धपूरला जाऊन पंथाचा उपदेश घेतला, वडिलांना घ्यायला लावला, आणि आईला विचारण्याची कोणाला गरजच भासली नाही. परत आल्यावर त्यांनी देव्हाऱ्यातले भवानीचे आणि खंडोबाचे चांदीचे टाक एका फडक्यात बांधले.

"पूर्णेत सोडून येतो," ते म्हणाले. "आता एकच परमेश्वर. दुसऱ्या देवाच्या निवदाचा घास कोन्या तोंडात गेला नाई पायजे. ज्या चुलीवर निवद शिजते, त्या चुलीवरचंही काही खाचं नाई."

चुलीची अट पंथाची नव्हती, काकांची स्वतःची होती, हे मला फार उशिरा कळले.

पहिली काही वर्षे आई सणावाराला मागच्या दारी घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसे. मग हळूहळू पहाटेचे नामस्मरण तिचे स्वतःचे झाले. लादलेली श्रद्धा माणूस इतक्या प्रामाणिकपणे आपलीशी करू शकतो, हे मी तिच्यातच पाहिले. पण तिची किंमत माहेराने मोजली. शेंदूरजनाघाटला शेषरावमामांचा संत्र्यांचा बगीचा होता आणि घरात खंडोबा. दर चंपाषष्ठीला मामांचे बोलावणे येई. आई जात नसे. एकदा मामा स्वतः आले आणि उभ्या उभ्या म्हणाले, "आक्का, देव बदलला तं बदलला, भाऊ काहून बदलला?" मामा गेले ते पाणी न पिताच. दोन वर्षांपूर्वी ते वारले. बहीणभावाचे एकत्र जेवण झाले नाही ते नाहीच.

गेल्या कार्तिकात काकांच्या नातवाचे, विपुलचे, अकोल्यात लग्न झाले. देव नसलेल्या घरात मुलगी द्यायला नवरीचे, प्रणालीचे, वडील तयार नव्हते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आई विपुलच्या घरी नव्या सुनेला पाहायला आतल्या खोलीत गेली. तिथे संगमरवरी देव्हारा होता, आणि त्यात आमचे टाक. भवानीच्या टाकाचा एक कोपरा दबलेला होता. चिंचेने घासताना तो आईच्याच हातून पाट्यावर पडला होता.

आई बाहेर आली. काका व्याह्यांशेजारी बसले होते. डोक्यावरचा पदर तसाच ठेवून ती सरळ त्यांच्यापुढे उभी राहिली.

"भाऊजी, पूर्णेले पानी नोयतं का?"

काका हसले. "चांदी कोनी पान्यात फेकते का, पार्वता? आन लेकराच्या लग्नाची गोष्ट होती. देव वरून बसवले. मनातून आपन उपदेशीच हाओ."

"मंग मीबी वरून उपदेशी आन मनातून भवानीची राह्यली असती. माया भावाचा घास मी काहून टाकला?"

काकांनी तिच्याकडे पाहिलेच नाही. ते मला म्हणाले, "शेखर, आईले आत ने. थकली ते."

त्यानंतरच्या चंपाषष्ठीला आई स्वतःहून म्हणाली, "शेंदूरजन्याले ने मले." मामी, माणिकबाई, आम्हाला पाहून तशीच आत वळली. स्वयंपाकघरातून झाकलेले ताट आणून तिने आईपुढे ठेवले. रोडगे आणि वांग्याचे भरीत.

"निवद दाखवाच्या आधीच काढेल हाये, आक्का. चूलबी वेगळी, मागच्या दारची. यायनंच, तुमच्या भावानं, लावून देल्ली रीत. आधी आक्काचं ताट, मंग खंडोबाचं. तुमी येत नोयत्या तं संध्याकाळी गायीले देओ."

"मले सांगतलं काहून नाई त्यानं?"

"म्हनत, सांगतल्यावर आली तं मायासाठी येईन. तिच्या मनानं येऊ दे."

आईने ताट जवळ ओढले. मला राहवले नाही. "आई, आता निवदाचंही खा. ज्यांनी बंदी घातली त्यांनीच देव बसवले. कोणासाठी पाळतेस?"

"बंदी भाऊजींची होती, ते गेली," ती म्हणाली. "परमेश्वर माया सोताचा हाये."

तिने निवदाला हात लावला नाही. मला तो तिचा पराभव वाटला. आजही नेमके सांगता येत नाही. काका मात्र आता दोन्हीकडच्या पंगतींना जातात आणि दोन्हीकडे त्यांना पहिला पाट मिळतो.

आईने रोडगा मोडला, भरताला लावला आणि सावकाश जेवली. अर्धे झाल्यावर ताट मामीकडे सरकवले.

"हे ठेव," ती म्हणाली. "गायीले सवय असन."