गुरुजींची शोकसभा आणि माझी जीभ

हे सांगताना आजही कान गरम होतात, तरी सांगतोच. हसा तुम्ही खुशाल. माझी लायकीच ती आहे!

आमच्या नंदनवन कॉलनीत बारसं असो, निरोप समारंभ असो की गणपतीची बक्षिसं, माइक माझ्याच हातात. वीस वर्षं झाली. कोणी बोलून खाली बसलं की मी म्हणणारच, "एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या!" हे वाक्य मी बोलत नाही हो, ते शिंकेसारखं येतं.

शेजारचे देवरावजी गुरुजी गेले. माझ्या हातात पहिला माइक त्यांनीच दिला होता. शोकसभेचं सूत्रसंचालनही त्यांच्या पत्नीनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, मलाच सांगितलं.

"भाऊजी, त्याईले शोभन असं करा. बाकी काही नाही मांगत मी."

घरी बायकोनं बजावलं, "अहो, तिथं टाळ्या नका मागू बरं, सांगून राहिली मी!"

डॉक्टरकी शिकणारी आमची पोरगी म्हणाली, "बाबा, मेंदूत ब्रेक असते. नको ते करायची उबळ आली का मेंदू तो दाबते. पण तुम्ही 'टाळ्या नको, टाळ्या नको' घोकत बसले, तं तेच तोंडाशी येईन."

"मी काय लहान पोट्टा आहो का वं?"

आणि सभेपर्यंत मी काय घोकलं असेल? तेच!

समाजभवन गच्च भरलं होतं. पहिले वक्ते बसले, मी जीभ चावली. दुसरे बसले, मी माइकची दांडी आवळली. तिसऱ्यांना नुसते हात जोडले. जमलं की! मनातल्या मनात मी स्वतःची पाठही थोपटली.

मग गुरुजींचा मुलगा उठला. "बाबांनी मला..." एवढंच बोलला आणि रडत खाली बसला. सभागृह सुन्न. माझेही डोळे भरले, आणि नेमका तिथंच ब्रेक सुटला.

"एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या!"

आणि लोकांनी वाजवल्या हो! त्यांना सवय मीच लावलेली ना. मागच्या रांगेतून तर शिट्टीही आली.

सावरायला म्हणून मी सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं केलं. बिचारे राहिले. दोन मिनिटं संपली आणि मी म्हणालो, "वा! उत्तम प्रतिसाद!"

पुढच्या रांगेत वहिनी पदरात तोंड घालून बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत होईना. त्या बाईनं एकच गोष्ट मागितली होती, आणि तीही मला जमली नाही. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं, खरं सांगतो.

सभा संपल्यावर हात जोडून त्यांच्यासमोर उभा राहिलो. "वहिनी, चुकलं माझं."

त्यांनी डोळे पुसले. "जाऊ द्या भाऊजी. पण मी गेल्यावर माह्या तेरवीले तुम्ही फक्त जेवाले या. माइकले हात नका लावू."

आता इथं मान खाली घालून गुपचूप निघायचं, एवढंच काम होतं. पण आमंत्रण ऐकलं की माणूस जे बोलतो, तेच मी बोललो.

"नक्की येतो वहिनी, सहकुटुंब येतो!"