सुनेचा सीलबंद लिफाफा

माझ्या सुनेचा परदेशी जाण्याचा अर्ज पाच महिने रखडला, तो माझ्यामुळे. घरात सगळे कुरिअरवाल्याला दोष देत होते आणि मी त्यांच्या बोलण्यावर गंभीरपणे मान डोलावत होतो. (मान डोलावणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे, अशी तेव्हा मी स्वतःची समजूत घातली होती.)

आमची सून शुभांगी परिचारिका आहे. परदेशात नोकरी करायची तर इथली पदवी पुरत नाही. तिथल्या परिचारिका परिषदेकडून परवाना मिळवावा लागतो. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा, नोंदणीचे दाखले, अनुभवाचे दाखले आणि सर्वांत शेवटी कॉलेजकडून गुणपत्रकांचा एक सीलबंद लिफाफा! तो कॉलेजने बंद करायचा, त्याच्या झाकणावर अर्धा वर अर्धा खाली असा शिक्का मारायचा आणि तो तसाच्या तसा परिषदेने उघडायचा. मधे कुणी हात लावायचा नाही.

आता माझी अडचण लक्षात घ्या. मी एका सरकारी कचेरीत तीस वर्षे आवक-जावक विभागात आहे. आलेला प्रत्येक लिफाफा उघडणे याचाच मला पगार मिळतो! पण या सवयीच्या आड मी लपणार नाही. आमच्याकडे सीलबंद लिफाफा एकाच गोष्टीचा असतो: गोपनीय अहवालाचा. माणूस कसा आहे, वरिष्ठांशी कसा वागतो, बढतीस पात्र आहे की नाही, हे सगळे त्यात असते. शुभांगीने तो लिफाफा माझ्या हाती ठेवला तेव्हा माझ्या मनात एकच प्रश्न उभा राहिला. कॉलेजने आपल्या सुनेबद्दल गुप्तपणे काय लिहिले असेल?

"अण्णा, एवढा कपाटात ठेवा," ती म्हणाली. "कागद जपावा तर तुम्हीच."

ती ड्यूटीवर गेली, मुलगा अमोल कंपनीत गेला, माझी पत्नी सुलभा भाजी आणायला गेली. मी कपाट उघडले, बंद केले, पुन्हा उघडले. मग झाकणाखाली पेन्सिल घालून ती हळूहळू गोल फिरवत नेली. (ही युक्ती मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने शिकवली होती. सेवापुस्तकात तिची नोंद नाही.)

आत गोपनीय असे काहीच नव्हते! होती ती गुणपत्रके आणि प्रशिक्षणातल्या तासांचा हिशेब. शस्त्रक्रिया विभागात इतके तास, बालरुग्ण विभागात इतके, प्रसूती कक्षात इतके. मी खुर्ची ओढून वाचतच बसलो. तीन वर्षे ही मुलगी आमच्या घरात वावरते आहे. तिची आमटी कशी होते हे मला ठाऊक होते, पण तिने किती बाळंतपणे उभ्याने पाहिली आहेत हे ठाऊक नव्हते. मनोरुग्ण विभागातले तास तर भलतेच होते. आमच्या घरात ती एवढी शांत कशी राहते, याचा उलगडा मला त्या रकान्यात झाला.

कागद आत घातले तेव्हा लिफाफ्याच्या पाठीवरची इंग्रजी ओळ वाचली. सील तुटलेले आढळल्यास लिफाफा स्वीकारला जाणार नाही. ही ओळ, माझ्या मते, पुढच्या बाजूला छापायला हवी होती!

घरातला डिंक वाळून दगड झाला होता. मी चहाच्या भांड्यात गव्हाच्या पिठाची खळ शिजवली, झाकण चिकटवले आणि वर कुकर ठेवला. अर्ध्या तासाने पाहतो तो शिक्क्याचा वरचा अर्धगोल जालन्याकडे सरकलेला आणि खालचा पैठणकडे! तेवढ्यात सुलभा परत आली.

"अवो, चहाच्या भांड्यात काय शिजवलं हे?"

"लापशी," मी म्हणालो.

"बिनसाखरंची?"

"साखर वर्ज्य आहे ना मला."

सुलभाचे डोळे भरून आले. दोन वर्षे ती माझ्या मधुमेहापुढे हात जोडत होती. "शेवटी अक्कल आली म्हणायची! आता रोज सकाळी मीच करून देत जाईन." आणि तिने शब्द पाळला. पुढचे पाच महिने मी रोज सकाळी वाटीभर खळ खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी शहागंजात गेलो. तसलाच खाकी लिफाफा मिळाला तर पाहावा, एवढाच हेतू होता. दुकानदाराने लिफाफा काढला, माझ्या हातातला नमुना उलटा करून पाहिला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"चचा, लिफाफा तो है. ये सिक्का किधर से लाते?"

"सिक्का भी मिलेगा क्या?" हे वाक्य माझ्याच तोंडून बाहेर पडले!

त्याने लिफाफा परत फडताळात ठेवला. "बाल सफेद हो गये चचा. घर जाव, पानी पिव."

मी घरी आलो. पाणी प्यालो. शुभांगीला म्हणालो, "तू ड्यूटी कर, कुरिअर मी टाकतो." खळीचा लिफाफा मोठ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला, पाकिटाला चारी बाजूंनी चिकटपट्टी गुंडाळली आणि मुकुंदवाडीतल्या कैलासच्या कुरिअरच्या दुकानात नेऊन दिला. कैलास पाचोडचा, म्हणजे सुलभाच्या माहेरचा. तो तिला गावच्या नात्याने आत्या म्हणतो. त्याने पावती दिली, चहा पाजला. मला वाटले, प्रकरण निकालात निघाले.

दीड महिन्याने परिषदेची ईमेल आली. शुभांगीने ती आम्हाला मराठीत सांगितली. लिफाफ्याचे सील उघडलेले आढळले आहे. झाकणाच्या आत पिठासारखा अन्नपदार्थ आढळला आहे. कॉलेजकडून नवा लिफाफा मागवावा.

"अन्नपदार्थ?" अमोल म्हणाला.

"मेले जेवता जेवता फोडतेत लोकायचे लिफाफे!" सुलभा कडाडली. "त्या कैलाश्याला आता बघतेच मी. तुम्ही दिला तव्हा बंद व्हता ना?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. माझ्या आयुष्यात खरे बोलण्याची इतकी सोपी संधी पुन्हा आली नसती.

"व्यवस्थित बंद होता," मी म्हणालो.

त्या तीन शब्दांनी काय काय केले ते सांगतो. सुलभाने कैलासच्या दुकानात जाऊन त्याच्या डब्यातली पोळी पुरावा म्हणून उचलून दाखवली. गल्लीतल्या बायकांनी त्याच्याकडून राख्या पाठवणे बंद केले. शुभांगी नव्या लिफाफ्यासाठी कॉलेजच्या खेपा घालू लागली. कधी प्राचार्या रजेवर, कधी शिक्का असलेले कपाट बंद, कधी किल्ली असलेल्या बाई प्रशिक्षणाला! रात्रपाळी करून, अभ्यास करून, दुसऱ्या प्रयत्नात ती इंग्रजीची परीक्षा पास झाली होती. त्या निकालाची मुदत आता संपत आली होती. त्याआधी लिफाफा पोहोचला नाही, तर परीक्षा पुन्हा पहिल्यापासून. घरात ती याबद्दल चकार शब्द काढत नसे. फक्त आमटीत मीठ दोनदा पडू लागले. मी ती आमटी मुकाट्याने खात होतो. सकाळच्या लापशीपुढे ती अमृतासारखी लागे.

अखेर पाचव्या महिन्यात नवा लिफाफा मिळाला. मुदतीला सहा दिवस उरले होते आणि लिफाफा पोहोचायला तेवढेच लागणार होते. शहरातल्या मोठ्या कुरिअरची गाडी निघून गेली होती. विमानतळाकडे जाणारी कैलासची गाडी चारला निघणार होती. साडेतीनला आम्ही तिघे त्याच्या दुकानात उभे.

कैलासने लिफाफ्याला हातही लावला नाही. तो शुभांगीला म्हणाला, "वहिनी, दुसरीकडं टाका. उद्या पुन्हा फुटला म्हणाल."

"मग फोडू नको ना!" सुलभा म्हणाली.

"आत्या, लेकराची शपथ, म्या फोडला नाय. निम्मं गिऱ्हाईक गेलं माझं. माहेरच्या माणसाला चोर केलं तुम्ही. नाय घेत, जा."

"घे ना रे दादा," शुभांगी म्हणाली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "आजचा दिवस गेला तर माझं सगळं गेलं."

"वहिनी, तुमच्यावर राग नाय. पण फोडला कोणी, हे कळल्याबगर मी पाकीट घेत नाय."

भिंतीवरचा काटा पावणेचारवर होता. बाहेर गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. मी घसा साफ केला. तीस वर्षांत मी एकच भाषा शिकलो. तीच तोंडात आली.

"सदर लिफाफा कुटुंबातील ज्येष्ठ सदस्याकडून अनवधानाने उघडला गेला असल्याची शक्यता नाकारता येत नाही."

"म्हंजी?" कैलास म्हणाला.

"काय बोलायलेत हे?" सुलभा म्हणाली.

शुभांगीने माझ्याकडे पाहिले. काही होत नाही म्हणणाऱ्या पेशंटकडे ती वॉर्डात असेच पाहत असावी. मग हळूच म्हणाली, "अण्णा, सरळ सांगा. कुठं दुखतंय?"

सुनेपुढे सासऱ्याने हात जोडावेत असा आमच्या घरात रिवाज नाही. पण ते आपोआप जोडले गेले. आधी तिच्यापुढे, मग काउंटरवर कैलासपुढे.

"पोरी, लिफाफा मी फोडला," मी म्हणालो. "अनवधानानं नव्हे. चांगला चष्मा लावून, पंखा बंद करून, खुर्चीत बसून फोडला आणि तुझं नुकसान होताना बघत बसलो. माझं चुकलं. कैलास, तुझा तर मी दुहेरी गुन्हेगार आहे, तुझा चहासुद्धा प्यालो होतो. मला माफ करा दोघं. आणि सुलभा, तुझीही माफी मागतो: ती लापशी मला कधीच आवडली नाही!"