माझ्या रिपोर्टातल्या दोन गाई

अप-डाऊन करणाऱ्या माणसाकडं दोन गोष्टी साठत जातात, पाठदुखी आणि किस्से. पगार तेवढा साठत नाही! आम्ही चौघं शिक्षक रोज बारामतीहून कळसच्या शाळेत जातो. गाडी जगताप सरांची, चालवणारेही तेच. त्यांच्या शेजारी गणिताचे कदम सर, रिटायरमेंटला टेकलेले. मागं मी आणि नवीन लागलेली वैशाली मॅडम. पेट्रोल वाटून, गप्पा फुकट. बदल्या, निवडणुका, सुनांची भांडणं, सगळे विषय आमच्या गाडीत चढले आणि उतरले. पण गेल्या वर्षी एक विषय असा चढला की उतरायलाच तयार नव्हता. क्रेडिट स्कोअर! त्यात सगळ्यात जास्त हाल झाले माझे, म्हणून सांगण्याचा मान माझा.

*

आग लावली जगताप सरांनी. ते हप्त्यावर टीव्ही घ्यायला गेले होते. दुकानातल्या माणसानं मोबाईलवर काहीतरी दाबलं आणि म्हणाला, "सर, आठशे दोन! असा स्कोअर आमच्याकडं कुणाचा येत नाही."

झालं! सर दुसऱ्या दिवशी गाडीत बसले ते मान ताठ करूनच. स्पीडब्रेकर आला तरी मान हलेना. आम्हाला सांगितलं, स्टाफरूमला सांगितलं, शिपायाला सांगितलं. त्यानंही समाधान होईना, म्हणून रविवारी गावी कोऱ्हाळ्याला गेले, आईला सांगायला.

आई शेंगा फोडत बसली होती. म्हणाली, "आठशे दोन? कितीपैकी?"

"नऊशेपैकी, आई."

"मंग अठ्ठ्यान्नव कुठं घालिवलं?"

त्यानंतर आठवडाभर सरांनी हा विषय काढला नाही.

*

पण तोवर लागण झाली होती. कदम सरांनी वैशाली मॅडमकडून स्वतःचा रिपोर्ट काढून घेतला. तिनं मोबाईल फिरवून फिरवून बघितला आणि हळूच म्हणाली, "सर, तुमचा स्कोअरच नाही."

"नाही म्हणजे?"

"तुम्ही कधी कर्जच घेतलं नाही ना. म्हणून कोरं आहे."

सरांचा चेहरा बघवत नव्हता. सायकलपासून पोरीच्या लग्नापर्यंत सगळं रोखीनं केलेला माणूस. "म्हणजे जो उसनं घेतो तो पास आणि जो घेत नाही तो गैरहजर?" असं दोन दिवस स्वतःशीच बोलत होते. तिसऱ्या दिवशी गेले आणि हप्त्यावर मिक्सर घेऊन आले.

सरांच्या मिसेसनी दारातच अडवलं. "घरात दोन मिक्सर आहेत! हा कशाला?"

सर म्हणाले, "हा वाटायला नाही. हा हप्ते भरायला आहे."

*

मी मात्र हसत होते. मला काय भीती? स्कूटीचं कर्ज फिटलं, फ्रिजचं फिटलं, एक हप्ता कधी चुकला नाही. आणि मला तर फ्लॅट घ्यायचा होता. लग्नापासून भाड्याच्या खोल्या बदलून बदलून मी कंटाळले होते. दर वेळी देवघर पुठ्ठ्याच्या खोक्यात भरायचं आणि नव्या घरमालकिणीला 'खिळा मारू का?' म्हणून विचारायचं. ह्या वेळी इसार देऊन ठेवला होता. दारावर माझ्या नावाची पाटी लागणार होती. बिल्डरनं सांगितलं होतं, महिनाअखेरपर्यंत कर्जमंजुरीचं पत्र आणा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.

बँकेतल्या साहेबांनी रिपोर्ट काढला आणि मान हलवली. "मॅडम, स्कोअर सहाशे बारा. गाईंचं कर्ज आहे तुमच्या नावावर. दोन गाई. मधले काही हप्ते उशिरा आलेत."

मला वाटलं, ते शेजारच्या टेबलाशी बोलतायत. "कुणाच्या गाई?"

"तुमच्या. हे बघा ना, मंगल दत्तात्रय शिंदे. जन्मतारीख पण तुमचीच."

"अहो साहेब, मी तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहते. घरमालकीण खिळा मारू देत नाही, गाय बांधू देईल का?"

साहेब हसले. मला हसू येत नव्हतं.

*

गाडीत सांगितलं, तर सहानुभूती राहिली बाजूलाच! जगताप सर आरशातून माझ्याकडं बघत म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. पण बाई मंगल शिंदे, नवरा दत्तात्रय शिंदे, आणि तुम्हाला पत्ता नाही. मिस्टरांनी दुसरीकडं गोठा तर केला नाही ना?"

मी उडवून लावलं. पण संशयाचा किडा वाईट! आमचे हे एमआयडीसीतल्या कंपनीत कामाला. शिफ्ट करून आले, बूट काढायला वाकले, आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं, "गाई कुठं आहेत?"

हे तसेच वाकलेले. एक बूट हातात धरून वर बघितलं बिचाऱ्यांनी. मग म्हणाले, "मी आणायच्या होत्या का?"

*

ऑनलाइन तक्रार केली. उत्तर आलं, तीस दिवसांपर्यंत लागू शकतात. इकडं महिना संपायला तेवढेही नव्हते! मग मला चैन पडेना. दूध तापवताना रिपोर्ट बघ, गाडीत बघ, मधल्या सुट्टीत बघ. वैशाली मॅडम म्हणाली, "मॅडम, सारखं बघितलं की स्कोअर उतरतो म्हणे." माझा जीव आणखी खालीवर. बँकेत फोन करून विचारलं, तर साहेब म्हणाले, "आपला आपण बघितला तर उतरत नाही." मग काय, दुप्पट बघायला लागले!

एकदा पाचवीच्या वर्गात गेले, फळ्यावर तारीख लिहिली आणि शिकवायला लागले. तास संपला तेव्हा माझं लक्ष गेलं. तारखेच्या जागी मी सहाशे बारा लिहिलं होतं. आणि वर्गातल्या सगळ्या पोरांनी ते वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं होतं.

*

जन्मतारखेचं कोडं सोडवलं कदम सरांनी. "तुमची तारीख काय?"

"एक जून."

सर खो खो हसायला लागले. "एक जून! अहो, अर्धा तालुका एक जूनचा आहे. मी एक जून. जगताप, तुम्ही?"

"एक जून," जगताप सर म्हणाले.

आमच्या भागात पोराला शाळेत घालायला आणलं की गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? बाप म्हणायचा, पाऊस लई झाला हुता त्या साली. गुरुजी मुकाट्यानं एक जून लिहायचे, म्हणजे वयाचा हिशोब बरोबर बसायचा. माझी आई सांगते, मी ज्वारीच्या काढणीत झाले, मंगळवारी, म्हणून मंगल. जूनमध्ये कसली आलीय ज्वारी! आता एक जूनला आमच्या सगळ्यांच्या मोबाईलवर शुभेच्छांचा पाऊस, आणि केक कुणीच कापत नाही. एकतीस मेला तालुक्यात इतके निरोप समारंभ की हार पुरत नाहीत. एकट्या वैशाली मॅडमची तारीख खरी, ती दवाखान्यात झाली.

म्हणजे कुठंतरी दुसरी मंगल दत्तात्रय शिंदे होती, तिच्याही गुरुजींनी त्याच सालचा एक जून लिहिला होता, आणि कंप्युटरनं आम्हा दोघींना एकच बाई करून टाकलं होतं. माझ्या रिपोर्टात खाली तिचा पत्ताही होता. शिंदे वस्ती, बावडा.

कदम सर म्हणाले, "वाट कशाला बघताय? शनिवारी अर्धी शाळा आहे. जाऊ या की गाईंना भेटायला."

*

बावड्याला पोचेपर्यंत मी रस्त्यानं मनात भांडण तयार केलं होतं. 'तुमच्या हप्त्यांपायी माझं घर हातचं चाललंय,' इथून सुरुवात करायची होती.

वस्तीवर गेलो तर एक बाई गाईंना वैरण टाकत होती. माझ्याच वयाची. मी नाव सांगितलं. तिनं हातातली पेंढी खाली टाकली, पदरानं हात पुसले आणि माझ्याकडं टक लावून बघायला लागली.

"तुमीच व्हय त्या? स्कुटीवाल्या?"

माझ्या स्कूटीचं हिला कसं कळलं म्हणून मी सरांकडं वळून बघितलं.

"बसा की बाई! मागल्या साली भाच्यानं माजा रिपोट काडला. त्यात स्कुटी निगाली, फ्रीज निगाला. आमच्याकडं सायकल न्हाय! भाचा म्हनला, मावशे, दुसरीच कुनीतरी बाई हाय ही, तुज्या नावाची. पन लई शिस्तीची. एक हप्ता चुकिवला न्हाय तिनं. तक्रार करू का?"

"मग केली नाहीत?"

"न्हाय केली. खरं सांगती. तुमच्यामुळं माजं नाव जरा बरं दिसत हुतं." ती खाली बघून म्हणाली, "पन भाचा म्हनला, तिचे भरलेले हप्ते जसे तुज्या फायद्याचे, तसे तुजे चुकलेले हप्ते तिला लागत असतील. एक गाय आजारली हुती तवा चुकले हुते. लई वाईट वाटलं बघा. तवापास्नं एक हप्ता चुकिवला न्हाय. एकदा कानातलं ठिवलं, पन हप्ता भरला. म्हनलं, कोन कुठली बाई, आपल्यापायी तिचं नाव खराब नगं."

मनात तयार केलेलं भांडण कुठल्या कुठं गेलं. मला स्वतःची लाज वाटली. मी इतके दिवस हिला शिव्या देत होते, आणि ही मला न बघता मला सांभाळत होती.

निघताना तिनं माझी ओटी भरली.

*

सोमवारी ती गाईंच्या धारा काढून, पहिली एसटी पकडून माझ्याबरोबर आली. जिथून तिनं कर्ज घेतलं होतं त्या ऑफिसात दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिलो. मॅनेजरनं दोन्ही आधारकार्डं बघितली, आमची तोंडं बघितली आणि पत्र दिलं की गाई बावड्याच्या मंगलच्या आहेत. त्या पत्रावर माझा रिपोर्ट धुऊन निघाला. महिना संपायच्या आदल्या दिवशी मंजुरीचं पत्र माझ्या हातात आलं. मी बँकेच्या पायरीवरच बसून रडले. साहेबांना वाटलं, व्याजदर ऐकून रडतेय.

फ्लॅट झाला. पाटी लागली. मी पहिला खिळा स्वतः मारला, कुणाला न विचारता.

*

नंतर थोड्याच दिवसांत तिचा फोन आला. आवाज नेहमीसारखा नव्हता.

"बाई, एक अडचन हाय. दूध काडायचं यंत्र घ्याचं हुतं. हाताची बोटं सुजत्यात आता. हितल्या पतसंस्थेत अर्ज टाकलावता. पन तुमी माज्या रिपोटातनं गेलासा, आन आता ते म्हनत्यात स्कोअर कमी हाय. पगारदार जामीन आना म्हनत्यात. आमच्यात पगारदार कोन हाय?"

आमच्या भागात पगारदार माणूस दिसला की लोक आधी नमस्कार करतात आणि मग जामीन राहता का विचारतात. तिनं तर विचारलंही नाही. नुसती अडचण सांगितली.

घरी मी विषय काढला, तर हे म्हणाले, "आत्ता कुठं तू तिच्यातून सुटलीस!" गाडीत कदम सर म्हणाले, "मॅडम, जामीन राहिलात की ते कर्ज तुमच्या रिपोर्टात दिसणार. म्हणजे गाई गेल्या आणि यंत्र आलं!" सगळं बरोबर होतं. मला रात्रभर झोप नाही. सकाळी उठले, पगाराची स्लिप घेतली आणि जगताप सरांना सांगितलं, आज माझी रजा टाका.

पतसंस्थेत गर्दी होती. आम्ही दोघी काउंटरसमोर उभ्या. बावड्याच्या मंगलनं नवं लुगडं नेसलं होतं. अर्जावर तिनं सही केली, खाली जामीनदाराच्या जागी मी केली, आणि कागद आत सरकवला. काउंटरवरचा क्लार्क मान खाली घालून वाचायला लागला. एकदा वाचला. वरचं नाव बघितलं, खालचं नाव बघितलं. वरची जन्मतारीख बघितली, खालची बघितली. मग मान वर न करताच कागद आमच्याकडं परत ढकलला.

"मावशी, आपुनच आपल्याला जामीन ऱ्हाता येत न्हाय. जावा, दुसरं कोनतरी घिऊन या!"